चोपड्याच्या उन्हात बांबूचं विसावाघर बांधताना

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, १० मे २०२४ रोजी, आमच्या शेतातल्या बांबूच्या दालनात पहिल्यांदा अठरा माणसं चटयांवर आडवी झाली. पहिला विचार मनात आला ऑगस्ट २०२२ मध्ये. मधले एकवीस महिने कसे गेले ते क्रमाने लिहिते आहे. मी सुरुवात केली तेव्हा जे बांबूकाम वाचायला मिळालं ते बहुतेक दमट, भरपूर पावसाच्या प्रदेशातलं होतं. खानदेशच्या कोरड्या उन्हात बांबूची वास्तू कशी वागते हे सांगणारं कोणी भेटत नव्हतं.

मी जळगावात बावीस वर्षं फिजिओथेरपी करते. माझ्याकडे येणाऱ्यांत कापूस वेचून कंबर धरलेल्या बाया असतात, केळीचे घड वाहून मान आखडलेली पोरं असतात, दिवसभर उभे राहणारे शिक्षक असतात. वीस मिनिटं शेक द्यायचा, व्यायाम शिकवायचा आणि माणूस परत त्याच कामाला जायचा. यांना दोन-तीन दिवस नुसतं पडून राहता येईल, सकाळी सावकाश व्यायाम करता येईल अशी जागा असावी असं फार वाटायचं. चोपडा तालुक्यातल्या अडावदकडून सातपुड्याच्या पायथ्याला जाताना आमची साडेतीन एकर जमीन आहे. उनपदेवचे गरम पाण्याचे झरे तिथून जवळ. पौषात लोक तिथे येतात, अंग शेकतात, झाडाखाली चूल मांडतात, दुपारी तिथेच लवंडतात. म्हणजे विसाव्याची रीत इथे आहेच, मला फक्त तिला छप्पर द्यायचं होतं.

बांबूच का? एक तर आमच्या घराचा स्लॅब मे महिन्यात रात्री एक वाजेपर्यंत तापलेला असतो, आणि तसंच आणखी एक घर मला शेतात नको होतं. दुसरं, केळीच्या बागेत घडाला टेकू द्यायला बांबू कायम पडलेला असतो, त्यामुळे हाताला त्याची सवय होती. खर्चाचा अंदाज मी सात लाख धरला होता. तो कुठे गेला ते पुढे येईलच.

पुण्याच्या एका वास्तुरचनाकार मैत्रिणीने पहिलं रेखाटन करून दिलं. बालीतली २००८ साली सुरू झालेली ग्रीन स्कूल आणि तिथल्या बांबूच्या इमारती आम्हा दोघींच्या डोक्यात होत्या. उंच छप्पर, भिंत कुठेच नाही, चारी बाजूंनी वारा. कागदावर ते इतकं सुंदर दिसत होतं की मी तो कागद दारामागे चिकटवला. एके दिवशी शेजारच्या मळ्यातले नाना आले, चष्मा वर करून बघत राहिले आणि म्हणाले, “व बहीन, हाई तं चारीमेर उघडं शे. वैशाखमा आठे कोन बसी?” म्हणजे, हे तर चारी बाजूंनी उघडं आहे, वैशाखात इथे कोण बसेल?

त्या एका प्रश्नाने सगळं काम बदललं. शरीराच्या बाजूने विचार केला तर नानांचं म्हणणं सोपं आहे. बालीत वर्षभर दमट हवा असते आणि पारा साधारण तिशीच्या आसपास. घाम सुकायला वारा लागतो, म्हणून तिथे भिंती काढून टाकायच्या. आमच्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो आणि हवा कोरडीठाक असते. आपली कातडी पस्तीसच्या आसपास असते, त्यामुळे चव्वेचाळीसचा वारा अंगाला लागला की तो थंडावा देत नाही, उलट अंग तापवतो. दुपारी दारं-खिडक्या लावून घेणं आणि रात्री सगळं उघडून टाकणं ही खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घरांची रीत याच कारणाने आहे.

ऑक्टोबरमध्ये थर्मामीटर घेऊन मी डोंगरातल्या एका पाड्यावर गेले. पावरा आदिवासी कुटुंबाचं घर, भिंती कुडाच्या. बांबूच्या कामट्या विणून दोन्ही बाजूंनी माती-शेणाचा गिलावा, खाली उतरलेली कौलं, दारातून वाकून जावं लागेल इतकी पडवी. दुपारी अडीचला अंगणात सावलीत ३६ अंश होतं, आत साडेतीस. घरातल्या मावशींनी पाण्याचा तांब्या दिला आणि मी भिंतीला पाठ टेकून बसले, तर पाठीला गारवा लागला. जे घर मला बांधायचं होतं ते इथे आधीपासून उभं होतं. मैत्रिणीला फोन करून सांगितलं, पश्चिम, दक्षिण आणि पूर्वेला कुडाच्या भिंती हव्यात. उत्तरेला सातपुडा दिसतो, ती बाजू उघडी, पण बंद करता येणाऱ्या झडपांची. तिने एक शब्दही न बोलता पुन्हा काढून दिलं. तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

नोव्हेंबरमध्ये बऱ्हाणपूरमार्गे धारणीला गेले. मेळघाटात लवादा इथे सुनील देशपांडे आणि निरुपमाताईंनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे. दोन दिवस नुसतं बघितलं, कोरकू आदिवासी कारागिरांचे हात बघितले. बांबू बांधकामातला जगभर सांगितला जाणारा नियम आहे तो म्हणजे बांबूला चांगली टोपी आणि चांगले बूट हवेत. छप्पर इतकं पुढे काढायचं की पाऊस-ऊन खांबाला लागणार नाही, आणि खांब जमिनीपासून इतका उचलायचा की ओल आणि उधई पोचणार नाही. परत येताना आमच्या आराखड्यात पडवी तीन फुटांवरून पाच फुटांवर नेली.

कागदपत्रं याच महिन्यात सुरू केली. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० सालचं आहे, आणि किमान एक एकर शेतजमीन असेल तर वैयक्तिक शेतकरी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करू शकतो. पण नोंदणीच्या आधी बांधकामाची बाजू नीट असावी म्हणून मी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला घेतला आणि स्थापत्य अभियंत्याचा दाखला मिळवायला निघाले. दोन अभियंत्यांनी बांबूवर सही करायला नकार दिला. त्यांची भीती मला समजत होती, त्यांनी कधी हे काम केलंच नव्हतं. तिसऱ्याकडे जाताना मी तयारीने गेले. राष्ट्रीय इमारत संहितेच्या सहाव्या भागात बांबूचा स्वतंत्र विभाग आहे, आणि बांबूच्या बांधकाम आराखड्यासाठी आयएस १५९१२ हे भारतीय मानक आहे. दोन्हींची पानं छापून नेली. त्यांनी आठवडाभर ठेवून घेतली, वाचली आणि फोन केला, “मॅडम, करू या.” फी बारा हजार. तुम्हीही मानकाचा क्रमांक लिहून सोबत ठेवा. “बांबू चालतो का” असं विचारलं की उत्तर नाही येतं, मानक पुढे ठेवलं की माणूस वाचतो.

एका कार्यालयात मात्र अर्ज पाच आठवडे अडकला. छापील नमुन्यात बांधकामाचा प्रकार लिहायचा रकाना होता, आणि त्यात बांबू नव्हता. तीन खेपा झाल्या. दर खेपेला अडावद ते तिथे जाऊन परत येण्यात पूर्ण दिवस मोडायचा, दवाखान्याच्या रुग्णांना परत पाठवावं लागायचं. शेवटी “इतर” या रकान्यात “प्रक्रिया केलेला बांबू, दगडी जोतं, कौलारू छप्पर” असं लिहून, अभियंत्याचं पत्र जोडून दिलं तेव्हा तो पुढे सरकला. त्या संध्याकाळी एसटीत बसून मला रडू आलं होतं. दमल्यामुळे आलं, दुसरं काही नाही.

कर्जाचा प्रयत्नही केला. बँकेने या बांधकामाला कच्चं म्हणून बाजूला ठेवलं. मग माझी साठवण आणि नवऱ्याच्या केळीचे पैसे, यावरच काम झालं.

आता बांबू. इथे माझी पहिली मोठी चूक झाली. नोव्हेंबरच्या अखेरीस एका व्यापाऱ्याकडून १६० नग घेतले, नग ८५ रुपये आणि गाडीभाडं तीन हजार. “प्रक्रिया केलेला माल आहे” असं त्यांनी तोंडी सांगितलं आणि मी मानलं. माल केळीच्या गोदामात रचला. डिसेंबरच्या मध्यावर एका रात्री मोटर बंद करायला गेले असताना गोदामात बारीक कुरकुर ऐकू आली. आधी उंदीर वाटला. टॉर्च लावली तर खालच्या काळ्या ताडपत्रीवर जागोजागी पिवळसर पिठाचे छोटे ढीग होते, मुंगीच्या वारुळासारखे गोल. एक बांबू उचलून कानाला लावला तर आतून कुरतडण्याचा आवाज येत होता. सालीवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. आपटला तर भोकांतून पीठ भुरभुरत खाली आलं, तळहातावर भाकरीच्या पिठीइतकं मऊ.

हा बांबूचा भुंगेरा. बांबूत पिष्ट असतं, तेच त्याचं अन्न. त्या १६० मधले फार तर तीस नग वाचले असते. मी एकही वापरला नाही, सगळे टेकूला देऊन टाकले. १६,६०० रुपये गेले. व्यापाऱ्यांनी फोन उचलणं बंद केलं. त्यानंतर ठरवलं की बांबू उभा असतानाच बघायचा, आपल्यासमोर तोडायचा, आणि प्रक्रिया आपल्या हाताने करायची.

पायथ्याच्या दोन शेतकऱ्यांकडे बांधावर माणवेल जातीच्या बांबूची जुनी बेटं होती, एकाकडे काटस जातीचीही. माणवेल जवळजवळ भरीव असतो, हाताला जड लागतो, वासे आणि जुडग्याच्या, म्हणजे चार बांबू एकत्र बांधलेल्या, खांबांना उत्तम. काटस जाड पण काटेरी, तोडताना अंगावर येतो. गाडीतून नेताना वनखात्याची परवानगी लागते का, ही भीती सगळ्यांनाच असते. २०१७ साली भारतीय वन अधिनियमात बदल झाला आणि ‘वृक्ष’ या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे वनक्षेत्राबाहेर, शेतात वाढलेल्या बांबूला त्या कायद्याखाली तोड-वाहतूक परवान्याची गरज राहिली नाही. तरीही गाडीत त्या शेतकऱ्याचा सातबारा आणि विक्रीची साधी पावती ठेवा. आमची गाडी एकदा थांबवली गेली, दोन्ही कागद दाखवले, पाच मिनिटांत सोडली.

तोड २१ ते २३ डिसेंबर २०२२. मिस्त्रीदादा, पाड्यावरचे पावरा कारागीर, अमावास्येवर ठाम होते आणि २३ ला अमावास्या होती. मला तिथीपेक्षा थंडी महत्त्वाची वाटली. पावसाळ्यात नवे कोंब वाढवताना बेटातलं पिष्ट खर्ची पडलेलं असतं, म्हणून हिवाळ्यातल्या तोडीला कीड कमी लागते. तीन वर्षांपुढचाच बांबू घ्यायचा. कोवळा हिरवागार, पांढरी पावडर आणि खोडाला खोळी चिकटलेल्या. जून बांबूवर राखाडी डाग येतात, कोयत्याच्या पाठीने टकटक केलं तर आवाज टणक येतो. मी एकेकाला रंगाची खूण करत फिरले. जमिनीवरच्या पहिल्या-दुसऱ्या पेराच्या गाठीलगत वर कापायचा, म्हणजे राहिलेल्या खुंटात पाणी साचून बेट कुजत नाही. ४२० नग मिळाले. माणवेल नग सत्तर, काटस एकशे दहा.

कीड लागू नये म्हणून करायच्या प्रक्रियेसाठी बावीस फूट लांब खड्डा खणला आणि त्यात शेततळ्याला टाकतात तो जाड प्लास्टिकचा कागद अंथरला. बांधीव टाकीपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडलं. तीन हजार लिटर पाण्यात नव्वद किलो बोरॅक्स आणि साठ किलो बोरिक अॅसिड, म्हणजे पाच टक्क्यांचं द्रावण. रसायनाला सुमारे सोळा हजार लागले. कोमट पाण्यात आधी विरघळवून मग ओतायचं, थंड पाण्यात तळाशी गोळे बसतात. बुडवण्याआधी लांब सळईने प्रत्येक बांबूच्या आतल्या गाठी फोडायच्या, नाहीतर आत द्रावण शिरतच नाही आणि बांबू तरंगतो. माणवेल भरीव असल्यामुळे त्याला गाठींजवळ बारीक भोकं पाडली. वर दगड ठेवून दहा-दहा दिवस, तीन खेपा. हातात रबरी मोजे घाला, आणि लहान मुलं-जनावरं तिकडे फिरकू नयेत म्हणून कुंपण करा.

एक गोष्ट आवर्जून सांगते. उरलेलं द्रावण शेतात सोडू नका. केळीला बोरॉन लागतं हे खरं, पण चिमूटभर. जास्त झालं की पानांच्या कडा जळतात आणि जमीन सुधारायला वेळ लागतो. आम्ही तेच द्रावण तिन्ही खेपांना वापरलं, मध्ये थोडी भर घातली आणि शेवटचं त्या कागदाच्या खड्ड्यातच उन्हात आटू दिलं. तळाशी राहिलेले खडे पोत्यात भरून ठेवले, पुढच्या वर्षीच्या डागडुजीला आले.

वाळवणं सावलीत, उभं करून, सहा आठवडे. आमच्याकडची हवा इतकी कोरडी की उन्हात ठेवलेले बारा बांबू आठ दिवसांत टोकापासून टोकापर्यंत तडकले. दमट प्रदेशात बांबू वाळत नाही म्हणून लोक त्रासतात, आपल्याकडे तो फार लवकर वाळतो हा त्रास.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पाया. शेताची बहुतेक जमीन काळी, पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून दालन वरच्या अंगाच्या मुरमाड कोपऱ्यात घेतलं, साडेचार फुटांवर पक्का मुरूम लागला. अडीच फूट दगडी जोतं, त्यावर प्रत्येक खांबाखाली काँक्रीटचा उखळासारखा ठोकळा आणि त्यातून वर आलेली लोखंडी पट्टी. बांबू कुठेही मातीला टेकत नाही, ठोकळ्यावर सहा इंच वर राहतो. मापं २४ बाय ३६ फूट. माझ्या रुग्णांच्या गुडघ्यांसाठी पायऱ्यांच्या बाजूने उतार केला आणि त्याला बांबूचाच कठडा. विसाव्याच्या जागेत सौंदर्याआधी हे लागतं. माणूस आत येतानाच धापा टाकू लागला तर पुढे काय विसावणार?

मार्चच्या सुरुवातीला काम थांबलं. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार आणि मग होळी, पाड्यावरचा एकही माणूस दहा दिवस कामावर नसतो, आणि नसावाच. सातपुड्यातल्या कारागिरांबरोबर काम करणार असाल तर वेळापत्रकात हे दिवस आधीच सोडून ठेवा. आम्हालाही बोलावणं आलं. ढोलांचा आवाज, बायकांच्या गळ्यातली चांदी, ते सगळं बघून परत आले तेव्हा उशीर झाल्याची रुखरुख उरली नव्हती.

सांगाडा मार्च-एप्रिलमध्ये उभा राहिला. सोळा खांब, प्रत्येक चार बांबूंचं जुडगं. बांबूत खिळा कधीच ठोकायचा नाही, तो चिरतो. ड्रिलने भोक पाडायचं, तेही गाठीच्या जवळ, आणि आरपार बोल्ट. ज्या पेरातून बोल्ट जातो ते पेर पोकळ असेल तर त्यात सिमेंटचं पातळ मिश्रण भरतात. कोलंबियाचे वास्तुरचनाकार सिमोन वेलेझ यांच्या कामामुळे ही पद्धत जगभर गेली. आडवा बांबू खांबावर बसतो तिथे खांबाच्या टोकाला माशाच्या तोंडासारखी खाच घ्यायची. मिस्त्रीदादा ही खाच डोळ्याच्या मापाने कोयत्याने घ्यायचे आणि कागदही आत शिरत नसे. बोल्टवरून पुन्हा दोरीचे वेढे. सगळे नट हाताला पोचतील असे उघडे ठेवा. पहिल्या उन्हाळ्यात बांबू आक्रसतो आणि नट ढिले होतात. आम्ही मे महिन्यात पाना घेऊन फिरलो तर जवळजवळ प्रत्येक नट एक-दोन आटे फिरला.

छपरावर घरात बराच वाद झाला. गवताचं छप्पर सर्वांत गार, पण आमच्या उन्हाळ्यात एक ठिणगी पुरे. पत्रा स्वस्त आणि हलका, पण पावसात त्याखाली माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, डोळे मिटून बसणं दूरच. शेवटी मंगलोरी कौलं घेतली. कौलाखाली मोकळी हवा, त्याखाली बांबूच्या चटईवर माती-भुशाचा दोन इंच थर, आणि आढ्याला गरम हवा निघून जायला वरून झाकलेली फट. हे चार पदर मिळून उन्हाला अडवतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वादळ आलं. रावेर-यावल-चोपड्याच्या केळीवाल्याला हे दिवस पाठ असतात. कौलं अर्धीच बसली होती. वारा उत्तरेच्या उघड्या बाजूने आत शिरला आणि चटया खालून फुगून वर उचलल्या गेल्या, दीडशेवर कौलं फुटली. सांगाडा जागचा हलला नाही. शेजारी केळी झोपली होती, माझं नुकसान त्यापुढे थोडं होतं. पण धडा मिळाला तो असा की बांबू हलका आहे, त्याला खालून आधार देण्यापेक्षा खाली धरून ठेवण्याची गरज जास्त. अभियंत्यांनी वासा-तुळई-खांब-पाया असा लोखंडी पट्ट्यांचा सलग बांध घालायला लावला, बावीस हजार वाढले.

पावसाळाभर काम बंद. ऑगस्टमध्ये आतल्या वाशांवर काळी बुरशी दिसली तेव्हा पुन्हा पोटात गोळा आला, पण ती वरवरची होती. कोरड्या फडक्याने पुसून बोरॅक्सच्या पाण्याचा हात दिला, झडपा दिवसभर उघड्या ठेवल्या, गेली.

सप्टेंबर ते डिसेंबर कुडाच्या भिंती आणि दोन झोपायच्या कुट्या झाल्या. कामट्यांच्या विणीत मध्येमध्ये तुरकाट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, भरल्या, त्याला माती, शेण, भुसा. पाड्यावरच्या सहा बाया रोज यायच्या, गिलावा हाताने ओढायच्या. तळहाताच्या कमानी भिंतीवर उमटल्या आहेत, त्या मी तशाच ठेवल्या. बांबूला वार्निश लावलं नाही, कारण त्याचा वास महिनोन्महिने राहतो आणि दम्याच्या माणसाला सोसत नाही. जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चिंध्यांचा गठ्ठा आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात बुडवून मग पसरून वाळवायची. विजेच्या तारा पोकळ बांबूतून नेण्याचा मोह टाळा, पाइपमधूनच न्या. स्वयंपाकघर चाळीस फूट लांब, वाळूच्या बादल्या, दोन अग्निशामक नळकांडी आणि दालनात निरांजनसुद्धा लावायचं नाही हा नियम. शेतीपंपाच्या जोडणीवर पाहुण्यांचे दिवे-पंखे चालवता येत नाहीत, त्यासाठी वेगळी जोडणी घेतली.

कृषी पर्यटनाचा अर्ज नाशिकच्या पर्यटन उपसंचालक कार्यालयाकडे ऑक्टोबरमध्ये केला. सातबारा, आधार, पॅन, वीजबिल, जागेचे फोटो दिले, शुल्क २,५०० रुपये चलनाने भरलं. पाहणी झाली, जानेवारी २०२४ मध्ये प्रमाणपत्र हातात आलं. जेवण देणार म्हणून अन्न नोंदणी, ती तेव्हा छोट्या व्यवसायाला वर्षाला शंभर रुपयांत होत होती. सगळ्या कागदांच्या तीन-तीन प्रती काढून एकाच फाइलमध्ये ठेवा, मूळ प्रत कुणाकडेही सोडून येऊ नका.

एकूण खर्च असा झाला. दालन ६,८५,०००, दोन कुट्या संडास-न्हाणीसह ३,८०,०००, कागदपत्रं, वीज आणि अभियंता मिळून ४८,०००. म्हणजे अकरा लाख तेरा हजार, अंदाजापेक्षा चार लाखांवर जास्त.

मग मे आला. मी मुद्दाम आखाजीच धरली होती, कारण याच दिवसांत माहेरवाशिणी घरी येतात, झोके बांधतात, चार दिवस कामाला हात लावत नाहीत. शिवाय सर्वांत कडक उन्हात ही जागा टिकते का ते मला बघायचं होतं. ९ मे ला दुपारी तीन वाजता पडवीबाहेर सावलीत ४३.५ अंश. उत्तरेच्या झडपा उघड्या असताना आत ४०. झडपा लावून घेतल्यावर तासाभरात ३६.५. मग झडपांवर वाळ्याचे तट्टे सोडून पाणी मारलं, एक पंखा लावला, ३२.५ वर आलं. कोरडी हवा एरवी आपली वैरी, पण वाळ्यातून येताना तीच कामाला येते.

दुसऱ्या दिवशी अठराजण आले. सकाळी सहाला झडपा उघड्या ठेवून व्यायाम, दहाला सगळं बंद. जेवायला कळण्याची भाकरी, भरीत, ताक. दुपारी सगळ्यांना पाठीवर झोपवून मी हळू आवाजात एकेक अंग सैल सोडायला सांगत होते. गुडघ्यापर्यंत पोचले तोवर तिसऱ्या रांगेतल्या, तीस वर्षं कापूस वेचलेल्या एक आजी घोरायला लागल्या होत्या. मी पुढचं बोलणं थांबवलं. वर कौलांवर ऊन वाजत होतं, वाळ्यातून पाण्याचा थेंब थेंब आवाज येत होता. मिस्त्रीदादा दाराशी पाना घेऊन उभे होते, नट बघायला आले होते. त्यांनी आत डोकावलं, चपला उतरवल्या आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले.